विमानतळावरचं इंग्रजी

हसू नका बे, पण संग्रामपूरच्या इंग्रजी क्लासात सरनं आमच्याकडून तीन महिने एकच धडा घोकून घेतला: विमानतळावरचं बोलणं. खिडकीजवळची सीट कशी मागायची, हे मले झोपेतही येते.

एका गुरुवारी सरसंग शेगावले दर्शनाले गेलो. स्टेशनाबाहेर दक्षिणेकडच्या एका काकांनी इंग्रजीत मंदिराचा रस्ता इचारला. मी सरकडं पाह्यलं.

सर म्हणे, "काऊन घाबरून राह्यला? हा धडा पुढच्या बॅचले हाय!"

तेवढ्यात चहावाली आजी बोलली, "गो स्ट्रेट, देन लेफ्ट, टेन मिनिट्स." काका थँक्यू म्हणून गेले बी.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आजीचंच वाक्य. सर म्हणे, "लिहून घ्या, हे दुसऱ्या कोणत्याच क्लासात भेटणार नाही!"