नारळ मावणारी बॅग

(पुण्यातलं महागड्या बॅगांचं दुकान. यवतमाळकडच्या आर्णीहून इंदूबाई व्हिडिओ कॉलवर. फोन विक्रेत्या समीक्षाच्या हातात, कारण लेक प्रेरणाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक बॅग.)

इंदूबाई – डाव्या खांद्यावरची बरी हाय. उजवीकडची तं चष्म्याचं घर वाटून राह्यली.

प्रेरणा – आई, उजवीकडचीच तुझी. डावी नुसती दाखवायला घेतली.

इंदूबाई – मावते काय तिच्यात?

प्रेरणा – फोन, रुमाल, लिपस्टिक.

इंदूबाई – मी कवा लावली लिपस्टिक?

प्रेरणा – मग जागा उरेल.

इंदूबाई – अन् ओटी? रविवारी तुह्या साखरपुड्यात विहीनबाई माही ओटी भरतीन. नारळ, तांदूळ, खण. पदरात घेतलं की कुठंतरी ठेवा लागते.

प्रेरणा – हळू बोल ना. इथे असं कोणी विचारत नाही.

इंदूबाई – काहून? पुण्यात ओटी नाही भरत?

प्रेरणा – भरतात. मग ड्रायव्हर ते सगळं गाडीत नेऊन ठेवतो.

समीक्षा – मॅडम, मिनी साइज संध्याकाळच्या पार्टीसाठी असते. दिवसभराच्या कार्यक्रमाला मीडियम जास्त छान दिसेल.

इंदूबाई – पाय, पोरगी समजदार हाय. विहीनबाईची कोणती हाय वं?

प्रेरणा – मीडियम. ह्याच कंपनीची.

इंदूबाई – मंग मधली नको. मुलीकडच्याइनं बरोबरी केली म्हनतीन. डाव्या खांद्यावरची मोठी घे. मोठी कामाची दिसते, तिच्यानं कोणाचा मान जात नाही.

प्रेरणा – मोठी नाही घेणार.

इंदूबाई – कायले?

प्रेरणा – कारण तू ती भरशील. मागच्या वेळी त्यांच्या हॉलमध्ये बियाण्याच्या पिशवीतून काय काय काढलंस? तुरीची डाळ, कुरड्या, बोरं. पांढऱ्या सोफ्याखाली बोरं घरंगळली, आई. सगळे हसत होते.

इंदूबाई – विहीनबाईनं तं वेचून खाल्ली.

प्रेरणा – हसत हसत खाल्ली.

इंदूबाई – बरं. म्हंजे काही आनू नको, असंच म्हन ना. तेवढ्यासाठी इतकी महागाची वस्तू कायले घेतं?

प्रेरणा – मला तुझी लाज वाटते असं नाही.

इंदूबाई – मी कुठं म्हनलं?

प्रेरणा – तुझ्याकडे बघून त्यांनी हसू नये, एवढंच मला वाटतं.

इंदूबाई – माह्याकडे पाहून हसले तं हसले. मले काही झालं नाही. तुलेच झालं.

समीक्षा – काकू, मधे बोलू? मधल्या बॅगेत नारळ मावते. शेंडी तेवढी काढा लागते. दुकान बंद झाल्यावर मी ठेवून पाह्यला.

इंदूबाई – तू कायले पाह्यला?

समीक्षा – माही माय बी हेच विचारत होती.

इंदूबाई – अवं, तू तं आपल्याकडची निघाली.

समीक्षा – उमरखेडची, काकू. दुकानात असं बोलाची मनाई हाय, पण निसटलं. ताई, तुम्ही कुठच्या?

प्रेरणा – मी? मी पुण्याचीच.

समीक्षा – अन् काकू, तुम्ही?

इंदूबाई – आम्ही सारे पुन्याचेच, बाई. ते लहानवालीच बांधून दे.