वस्तरा, मी आणि आईकडून आलेलं

...आणि वर तो डॉक्टर मलाच विचारतो, ‘धंदा काय करता?’ अहो, न्हावी आहे! दाढ्या करतो! तुम्हाला सांगतो, त्याचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला! आजार म्हणे कंपवात. हा उजवा हात नुसता मांडीवर ठेवला की थरथरतो, वस्तरा उचलला की घटकाभर शहाण्यासारखा वागतो, मला वाटतं सुधारला, तेवढ्यात गिऱ्हाईक मान वर करतं आणि हा पुन्हा सुरू! हात माझा, पण माझं ऐकेल तर शपथ!

‘पण असं होतं कशामुळे?’ मी विचारलं. झालं, डॉक्टर सुटले! ‘मेंदूतल्या पेशींना ऊर्जा लागते, ती बनवतात मायटोकॉन्ड्रिया, वयाबरोबर त्या थकतात, मग पेशी मरायला लागतात...’ म्हटलं, नव्या घाला! ‘येत नाहीत घालता.’ जुन्या दुरुस्त करा! ‘संशोधन चालू आहे.’ मग तुम्ही करता काय? ‘गोळ्या देतो. थरथर कमी होईल, गेलेल्या पेशी परत येणार नाहीत.’ आणि उठता उठता, काही गरज होती का हो?... म्हणतो कसा, ‘या मायटोकॉन्ड्रिया सगळ्यांना आईकडूनच येतात बरं का!’

बायको शेजारीच! ‘म्हणजे आजार आईमुळे असं नाही हं,’ हे त्याचं पुढचं वाक्य हिनं ऐकलंच नाही. घरात पाऊल टाकायच्या आत, ‘सासूबाई, या थकलेल्या मायटोकॉन्ड्रिया तुमच्याकडूनच आल्यात!’ आई पंच्याऐंशीची, चष्म्याशिवाय सुई ओवते, ती मान वर न करता म्हणाली, ‘मी दिल्या तेव्हा धडधाकट होत्या. यानंच नीट वापरल्या नाहीत.’ घ्या!

इकडे गिऱ्हाईकं... ‘आज नुसते केस कापा’, ‘दाढी वाढवायचा विचार आहे’... अख्ख्या गल्लीला एकदम दाढी ठेवायची हौस! कात्री तरी किती दिवस धरेन मी? दुसरं येतं काय मला? दार लावून एकटाच बसलो दुकानात. रडलो. खरंच सांगतो, रडलो. डोळे पुसायला हात उचलला तर तिथंही हा सुरू! हात माझा, पण माझं ऐकेल तर शपथ!

दुसऱ्या दिवशी आई दुकानात हजर. केस कापायला आलेल्या एकाला दाढीला बसवलं, मला खेटून उभी राहिली, दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं, ‘कर आता.’ आणि काय सांगू, हात जवळजवळ गप्प! आता खुर्चीत गिऱ्हाईक, त्याच्यावर वाकलेला मी, माझ्या मनगटाला आई, आणि दटावते कोणाला? गिऱ्हाईकाला! ‘हलू नकोस रे!’

काल एकजण दारातून डोकावला. मला बघितलं, रिकामी खुर्ची बघितली, म्हणाला, ‘आजी नाहीत? मग नंतर येतो.’

म्हटलं, बसा की. मीही तिचीच वाट बघतोय.