फ्लॅश पाहून घे

नरखेडच्या एसटीसाठी रांगेत माझ्यापुढे दोघं उभे होते.

"चंपतराव, पोरीच्या लग्नासाठी सस्ता कॅमेरा घ्याचा हाये. कोणता घेऊ?"

"फ्लॅश जोरदार पाह्य, रुपराव. बाकी काही पाहू नको."

"अन् रोल?"

"रोल काहाले? मी तं रिकामाच चालवतो. फ्लॅश पडला का रुसलेला व्याहीही हासते."

"मंग कोणी फोटो मांगतला तं?"

"धुवाले टाकला म्हणाचं. लोक भुलून जातेत गा."

"तुमच्या पोराच्या लग्नात आमचा फोटो काढला होता तुमी."

"काढला ना!"

"त्यात माहा बाप होता. मांगच्या साली गेला. त्याचा दुसरा फोटो नाही, म्हणून अजून वाट पाहून राहिलो."

"काय ताठ उभा होता गा म्हातारा! एवढा फ्लॅश पडला, पापणी नाही हालवली त्यानं!"