पाण्याचे नऊ थांबे

जयमाला : …आणि त्या हौदावर चांदबीबीच्या घोड्यांनी पाणी प्यायलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं, श्रीमंतदादा?

श्रीमंत : मॅडम, प्रथम आपण चहा घ्यावा. पौषातल्या थंडीत तो फार काळ धीर धरीत नाही.

जयमाला : घेते. पण उत्तर द्या. काल कोल्हारात उतरल्याबरोबर आपल्या सहलीतल्या राधाकृष्णकाकांनी मला त्यांची डायरीच दाखवली. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस आहे तो. नगरचा किल्ला, फराहबाग, डोंगरावरची कबर, तिथं तुम्ही जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर बरोबर होतं, असं ते स्वतः म्हणाले.

श्रीमंत : लोक त्या वास्तूस चांदबीबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती सलाबतखानाची कबर आहे. मी पहिल्याच दिवशी सर्वांस तसे स्पष्ट केले.

जयमाला : केलंत ना? म्हणून तर प्रश्न पडतो. एवढं नेमकं बोलणारा माणूस राहुरीच्या पुढं आल्यावर प्रत्येक झाडाखाली एक सरदार आणि प्रत्येक हौदावर एक राणी का उभी करतो? काकांनी पाच ठिकाणी प्रश्नचिन्हं काढलीत.

कानिफनाथ : ताई, ऐका माजं. ह्यो शिरमंता पंक्चरला बी ‘छिद्र’ म्हनतो. काल माज्या टेम्पोला म्हनतो, “वाहन मार्गस्थ करावे.” मी म्हनलं, बाबा, आदी गियर तर पडू दे.

श्रीमंत : कानिफनाथ, आपण सामानाच्या दोऱ्या आवळून घ्याव्यात.

कानिफनाथ : आवळल्यात. सा पिशव्या, दोन जादा चाकं, केळीचा घड. समदं बांधून बसलोय. तू मॅडमला उत्तर दे की.

जयमाला : दादा, मी सरळ बोलते. आज संध्याकाळी संगमनेरहून मला पुण्याला कंपनीकडे रिपोर्ट पाठवायचा आहे. नगर ते रतनवाडी ही सायकल सहल दर हिवाळ्यात चालवायची की नाही, आणि चालवायची तर वाटाड्या तुम्ही की पुण्याहून पाठवलेला कुणी, हे त्या रिपोर्टवर ठरणार. तुमच्याबद्दल चांगलं लिहायला माझ्याकडे खूप आहे. उसाच्या ट्रॉल्यांमधून तुम्ही सहा जणांना ज्या शिस्तीनं आणलंत, तसं मी अजून कुठे बघितलेलं नाही.

श्रीमंत : ट्रॉलीच्या मागे वीस हात अंतर राखावे आणि ड्रायव्हरचा चेहरा आरशात दिसल्याखेरीज पुढे जाऊ नये, एवढा एकच नियम आहे. तो पाळला की भय नाही.

जयमाला : बघा, असं बोललात की माणूस तुमच्या मागे डोळे मिटून सायकल घालेल. पण इतिहास मनानं रचणारा वाटाड्या मी पाठवू शकत नाही. आणि दुसरी गोष्ट थांब्यांची. परवापासून सात झाले, आज दोन, म्हणजे नऊ. आमच्या दुसऱ्या कुठल्याही वाटेवर चार असतात. आपल्यातली पूजा काल म्हणाली, “समोर देऊळ नाही, तळं नाही, उसाचं पाचट आणि एक हौद. इथं फोटो तरी कशाचा काढायचा?”

श्रीमंत : त्या थांब्यांवर सर्वांना पाणी प्यावयास लावले, ही चूक झाली काय? तीन दिवसांत कुणाच्या पोटरीत गोळा आला काय?

जयमाला : नाही आला. हेही मी लिहिणार आहे. मी चूक म्हणत नाही, कारण विचारते. आजच्या कागदावरून मी आश्वीच्या अलीकडचा थांबा काढून टाकते. तिथं तर नुसतं एक चिंचेचं झाड आणि हौद आहे.

श्रीमंत : तो काढता येणार नाही.

जयमाला : का?

श्रीमंत : अन्य आठ आपण काढावेत. तो राहू द्यावा.

जयमाला : पण का?

श्रीमंत : त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

कानिफनाथ : हां! आता बोलतो मी. ताई, महत्त्व-बिहत्त्व काय न्हाई. ती बैलं पाजायची जागा हाय.

श्रीमंत : कानिफा!

कानिफनाथ : अरं, कवर झाकनार? ताई, आमी दोगं पाथर्डीकडचं. दसरा झाला की आमच्या आयबापांच्या बैलगाड्या निगायच्या ऊसतोडीला. नगर, राहुरी, ह्ये कोल्हार, थेट आश्वीच्या पल्याड. लेकरं, कोंबड्या, चूल, समदं गाडीत. आता टरक येतो, एका दिसात पोचवतो. तवा पाच-सा दिस लागायचं. आन् जिथं जिथं बैलं पाजायची, जिथं जू उतरायचं, तिथं तिथं ह्यानं तुमाला उतरवलंय. परवापासून बघतोय मी. एक बी हौद चुकला न्हाई गड्याचा.

जयमाला : म्हणजे आम्हाला बैलांच्या वेळापत्रकावर आणलंय?

कानिफनाथ : बैलाला तान लागायच्या आदी पाजावं लागतं, ताई. तान लागल्यावर पाजलं तर बैल बसतो. मान्साचं बी तसंच की.

जयमाला : श्रीमंतदादा, खरं आहे हे?

श्रीमंत : खरे आहे. कंपनीने मजकडे मार्गाचा आराखडा मागितला, तेव्हा किलोमीटर मजला सुचलेच नाहीत. मी डोळे मिटले आणि बैल जेथे थांबत, तेथे खूण केली. सायकलीला जू नसते, हे ध्यानात आले नाही.

जयमाला : मग हेच सांगायचं ना आम्हाला! चांदबीबी कशाला मधे?

श्रीमंत : मॅडम, पुण्याहून माणसे येतात ती राजेरजवाडे पाहण्यास. आमच्या मुक्कामाच्या चुली पाहण्यास कोण येईल? मी सहावीपर्यंत शिकलो, तेही अर्धे-अर्धे. दिवाळीनंतरचे धडे मी कोणत्याच इयत्तेत पाहिले नाहीत. यंदा प्रथमच आम्ही उभयता पतिपत्नींनी कोयता हाती घेतला नाही. माझी राजनंदिनी दहावीत आहे, आणि जानेवारी उजाडला तरी ती आपल्याच शाळेत, आपल्याच बाकावर बसते आहे. हे काम राहिले तर ती मार्चपर्यंत तेथेच बसेल. तेव्हा मी शोभेल असे बोललो. परंतु एक गोष्ट आपण लिहून घ्यावी. मी लबाडी केलेली नाही.

जयमाला : चांदबीबी त्या हौदावर आली नव्हती. मग याला काय म्हणायचं?

श्रीमंत : ते मला येथे, चहाच्या टेबलावर, सांगता येणार नाही. चिंचेखाली सांगता येईल.

जयमाला : मला एकटीला नाही. सगळ्यांना सांगावं लागेल. काकांनासुद्धा.

श्रीमंत : काकांना?

जयमाला : प्रश्नचिन्हं त्यांनी काढलीत. दहा मिनिटं देते तुम्हाला. त्याहून जास्त नाही. बारानंतर कारखान्याच्या ट्रॉल्या वाढतात, हे तुम्हीच सांगितलंय. आणि जे ऐकेन तेच लिहीन, हे आधीच सांगून ठेवते.

श्रीमंत : तसेच असावे. कानिफनाथ, वाहन…

कानिफनाथ : मार्गस्थ करतो, म्हाराज.

(दोन तासांनंतर. आश्वीच्या अलीकडे, रस्त्याकडेची चिंच आणि दगडी हौद. सायकली एकेक करून येऊन थांबल्या आहेत.)

श्रीमंत : मंडळी, सायकली सावलीस लावाव्यात. हेल्मेट काढून डोक्यास वारा लागू द्यावा. राधाकृष्णकाका, आपण या पारावर बसावे. डायरी उघडी ठेवली तरी चालेल. सर्वांनी प्रथम पाणी प्यावे, मग मी बोलतो.

जयमाला : दहा मिनिटं, दादा.

श्रीमंत : स्मरणात आहे. मंडळी, येथे चांदबीबी कधीही आली नव्हती. काल ज्या हौदाविषयी मी बोललो, तेथेही आली नव्हती. राहुरीच्या पुढच्या वडाखाली कोणा सरदाराने तळ दिला नव्हता. काकांच्या पाचही प्रश्नचिन्हांचे उत्तर एकच आहे. तेथे फक्त आम्ही आलो होतो. आमच्या वस्तीतील चौदा बैलगाड्या, आणि त्यांत शेवटची आमची.

कानिफनाथ : आमची तेराव्वी.

श्रीमंत : यांची तेरावी. मी अकरा वर्षांचा होतो. नगरच्या बाजारात आईने गूळ घेतला. दुकानदाराने पुड्या बांधण्यास एक जुने पुस्तक फाडावयास घेतले होते. पुठ्ठा आधीच गेलेला. मी त्या पुस्तकाकडे पाहत राहिलो, तेव्हा त्याने गूळ दुसऱ्या कागदात बांधला आणि ते माझ्या हाती दिले. शाळा त्याच आठवड्यात सुटली होती. माझ्यापाशी दुसरे पुस्तक नव्हते.

जयमाला : कशाचं पुस्तक होतं?

श्रीमंत : नगरच्या निजामशाहीचा इतिहास. काका, आपण नाव विचाराल. नाव मला आजही ठाऊक नाही. गाडी चालू असता वाचता येत नसे. अक्षरे हलत, आणि पाठीमागून बैलांना हाकावेही लागे. म्हणून बैल थांबले की मी वाचीत असे. जू उतरले, बैल हौदाशी गेले, की पुस्तक उघडायचे. बैल पाणी पिऊन परतले की मिटायचे. पहिल्या थांब्यावर नगर शहर वसले. तिसऱ्यावर सलाबतखानाने बागेचे काम पुरे केले. राहुरीच्या पुढच्या वडाखाली सरदारांची आपसांत फूट पडली. ते सारे मी त्या-त्या ठिकाणी पाहिले, मंडळी. पुढे कित्येक वेळा या रस्त्याने गेलो. वड दिसला की मला ते सरदार भांडताना दिसत. इतक्या वर्षांत जागा आणि गोष्ट यांची अशी गाठ बसली, की कुठली माझी आणि कुठली पुस्तकाची, हे वेगळे करण्याची गरजच मला कधी भासली नाही. काल ती भासावयास हवी होती. तेवढी माझी चूक आहे, आणि ती मी आपल्या सर्वांसमक्ष मान्य करतो.

जयमाला : आणि ही चिंच?

श्रीमंत : ही शेवटची. येथे मुघलांनी सुरुंग लावून किल्ल्याचा तट पाडला होता, आणि चांदबीबी त्या खिंडाराशी स्वतः उभी राहिली होती. उजाडेपर्यंत भिंत पुन्हा उभी करावयाची होती. मी त्या मुळीवर बसलो होतो, जेथे आता पूजाताई बसल्या आहेत. बैल पाणी पिऊन परत आले. पुढच्या गाड्या हलल्या. मी पुस्तक मिटले नाही. मला हाक ऐकूच आली नाही.

कानिफनाथ : आमी पार फुडच्या वढ्यापतूर गेलतो. ह्यांची गाडी न्हाईच.

श्रीमंत : माझे वडील रंभाजी. त्यांना अंगठ्याखेरीज काही उमटवता येत नसे. ते माझ्यामागे येऊन उभे राहिले. मला वाटले, आता पाठीत आसूड बसणार. मुकादम पुढून ओरडत होता, की रंभाजी, गाडी का हलत नाही? तेव्हा वडिलांनी पाणी पिऊन तट्ट झालेले दोन्ही बैल पुन्हा हौदाशी नेऊन उभे केले, आणि तेथूनच ओरडून सांगितले, “बैलांचं पानी व्हायचंय अजून.”

कानिफनाथ : ह्ये मला म्हाईत नव्हतं, शिरमंता.

श्रीमंत : कुणासच माहीत नाही. बैल पीत नव्हते. पाण्याकडे पाहत उभे होते. वडीलही त्यांच्या शेजारी तसेच पाण्याकडे पाहत उभे होते, माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. भिंत पुरी होईपर्यंत ते उभे राहिले. मी पुस्तक मिटून उठलो, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “झालं का बांधून?” म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. वाचताना माझे ओठ हलत, त्यावरून त्यांनी काहीतरी ऐकले असावे.

जयमाला : मग काय सांगितलंत?

श्रीमंत : म्हणालो, झाले. आणि गाडी जुंपली.

जयमाला : पुस्तक?

श्रीमंत : त्या हंगामात पाचटाच्या खोपीस आग लागली, तीत गेले. माझ्या तोंडची भाषा तेवढी त्यातील उरली आहे. कानिफनाथ हसतो, पण मला दुसरी कोठून मिळणार होती? मंडळी, उद्या अकोले, पुढे राजूर, मग भंडारदऱ्याचे पाणी आणि रतनवाडीचे देऊळ. तेथील दगडांविषयी मी सांगेन, ते फलक वाचून, पुजाऱ्यांना विचारून, तीन वेळा पडताळून सांगेन. त्या रस्त्याला आमचे बैल गेलेच नाहीत, तेव्हा तेथे घोटाळा होण्याचा संभव नाही. परंतु या नऊ ठिकाणी मी हेच सांगणार. ज्यांना ते सहलीत शोभत नाही असे वाटेल, त्यांनी आता सांगावे.

जयमाला : काका, काय लिहिताय? वाचून दाखवा ना. दादा, ते म्हणतायत, पाचही प्रश्नचिन्हं खोडली. आणि विचारतायत, वडाखालची सरदारांची फूट तुमच्या पुस्तकात कशी दिली होती, ती पुन्हा पहिल्यापासून सांगाल का? काल त्यांनी नीट ऐकलं नाही म्हणे.

श्रीमंत : आत्ता?

जयमाला : आत्ता म्हणतायत. पूजा, तू त्या मुळीवरून उठू नकोस. तिथंच बस, फोटो काढते तुझा. हौद येऊ दे मागे.

कानिफनाथ : ताई, धा मिन्टाची ईस मिन्टं झाली. पुढं ट्रॉल्या लागत्याल. टेम्पो काढू का?

जयमाला : राहू द्या, कानिफभाऊ. सगळ्यांचं पाणी व्हायचंय अजून.