डॉक्टर निघाले!

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न. आपली चूक आपल्याला सापडत का नाही? चूक फार हुशार असते म्हणून, की आपण ती शेजाऱ्याच्या अंगणात शोधतो म्हणून? काका, लगेच शेजारच्याकडे बघू नका हो!

तर सांगलीकडचा एक धैर्यशील. मोबाईलची अॅपं बनवणारा. डोक्यानं तल्लख! पण काही बिघडलं की ह्याचं बोट कायम पुढं. कधी नेटवर्क, कधी लोकांचे जुने फोन, नाहीतर शेजारच्या टेबलावरची रेवती! ती सर्व्हर सांभाळायची. म्हणजे काय? अॅपनं धाडलेला निरोप घ्यायचा आणि पुढं पोचवायचा.

ह्यानं दूध संघासाठी अॅप केलं. जनावर अडलं की बटण दाबायचं – 'डॉक्टर बोलवा'. सोमवारी अॅप गावोगावी गेलं, आणि बुधवारी सकाळी अकराला संघातून फोन! "अहो, हौसाबाईंची गाय सातपासून अडलीय! बटण दाबलं तर 'डॉक्टर निघाले' असं आलं. कुठायत डॉक्टर?"

रेवतीनं आधी डॉक्टरांना फोन लावून गावाकडं धाडलं. आणि आमच्या धैर्यशीलनं? बोट दाखवलं! "तुझ्या सर्व्हरनं निरोप गिळला!"

"माझ्याकडं आलाच नाही रे! अवजार लाव, दिसेल."

आता हे अवजार म्हणजे काय? अॅपच्या दाराशी बसतं ते. आतून बाहेर काय गेलं, बाहेरून काय उत्तर आलं, सगळं मांडून दाखवतं. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट – आणि त्याचं स्वतःचं पोटसुद्धा सगळ्यांना उघडं! कुणीही यावं, आत काय लिहिलंय ते वाचावं.

धैर्यशीलनं तोंड वाकडं करून ते लावलं. बटण दाबलं. पडद्यावर झळकलं – 'डॉक्टर निघाले!' आणि अवजारात? कोरं! एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं!

आता तरी वरमावं की नाही? छे! म्हणतो कसा, "हे अवजारच बिघडलंय! फुकटचं ते, त्याचं काय खरं!"

रेवती हसली. "त्याचं पोट उघडंच आहे, बघ तपासून. मग तुझंही उघड."

उघडलं अॅपचं पोट, मंडळी. आणि सापडली ती ओळ – बटण दाबलं की काही न पाठवता 'डॉक्टर निघाले' दाखव. वर टीप – 'तात्पुरतं. डेमो झाला की काढणे.' खाली सही कुणाची? धैर्यशीलची! महिन्यापूर्वी संघाच्या अध्यक्षांना अॅप दाखवायचं होतं, सर्व्हर तयार नव्हता, म्हणून ह्यानंच केलेली सोय. डेमोत टाळ्या पडल्या, आणि काढायचं राहून गेलं!

त्यानं ओळ काढली, अॅप नीट केलं आणि तो थेट हौसाबाईंच्या गोठ्यात गेला. गाय वाचली होती. वासरू गेलं होतं. तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, अॅप खोटं बोललं नाही. मी बोललो."

हौसाबाई गाईच्या पाठीवर हात फिरवत होत्या. रागावल्या नाहीत हो! म्हणाल्या, "लेकरा, डॉक्टर येत न्हाई एवढं जरी सांगितलं असतंस, तरी मी पलीकडच्या तुकारामला हाक मारली असती की रं. त्यानं किती गाई सोडवल्यात! 'निघाले' म्हटलंस, म्हणून मी वाट बघत बसले."

धैर्यशील रडला. लाज वाटली म्हणून नव्हे, त्या वासरासाठी रडला.

आता तुमच्याकडं वळतो! हसत होता ना मघाशी? कुणी विचारलं, "कसं काय?" की आपलं बटण ठरलेलं – "मजेत!" गुडघा धरलाय – मजेत! लेक सहा महिने बोलत नाही – मजेत! अहो, धावून येणारा तुकाराम पलीकडच्याच घरात असतो. पण तुम्ही "मजेत" म्हणता आणि तो बिचारा आपल्या कामाला लागतो!

चारचौघांत चालवा हवं तर. पण इथं देवासमोर हात जोडून उभे राहता ना, माउली, तिथं तरी डेमो नको!