प्रश्नचिन्हाचा कोड

साताऱ्याच्या दवाखान्यात बिलाच्या खिडकीबाहेर बनुबाई बसली होती. सैन्यभरतीसाठी पळायचा सराव करताना तिचा मुलगा जयराज बेशुद्ध पडला होता. आत संयोगिता मॅडम एमएस्सी नर्सिंग शिकणाऱ्या अर्फाला बिलात आजाराचे कोड लावायला शिकवत होत्या.

"अर्फा, जयराजला मिरगीचा कोड कुणी लावला?"

"मीच, मॅडम. डॉक्टरांनी मिरगी लिहिलंय ना."

"त्यापुढं प्रश्नचिन्ह आहे. ते कुठं गेलं?"

"प्रश्नचिन्हाला कोडच सापडेना."

"सापडणार कसा? संशयाला आजाराचा कोड लावायचा नसतो. तुला कागदांत नक्की काय दिसलं?"

"शुद्ध हरपली होती. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्यात."

"मग शुद्ध हरपली, एवढाच कोड टाक. नाहीतर भरतीत हाच कागद पोराच्या आडवा येईल."

"या अल्ला! लगेच बदलते, मॅडम."

बनुबाई खिडकीशी आली.

"आवं मॅडम, त्यो पहाटं उपाशीच पळाया जातो. ह्ये कुटं लिवायचं?"

"हे डॉक्टरांना सांगा, मावशी. अर्फा येईल सोबत."

"आन् पळू द्यायचं का त्याला?"

"तेही त्यांनाच विचारू. पण उपाशी नाही हं."

"आता दोन भाकरी खाल्ल्याबिगर उंबराच वलांडू देत न्हाई!"