पुनावळ्याची वंशावळ, उचलली तशी

...आन आभाळ तरी कसलं म्हनता, सकाळपासनं भरून आलेलं, वारा न्हाई, लिंबाचं पान हलंना, हायवेवरचा धुरळा जागच्या जागी उभा, पडायचं तर पडून मोकळं हो ना बाबा, न्हाईतर जा तिकडं मावळात... पन न्हाई, दिवसभर नुसतं डोक्यावर बसून राहिलं. त्यातच दुसऱ्या दिवशी गावची जत्रा, त्यातच आमच्या भावकीची वंशावळ देवळाम्होरं लावायची, त्यातच ती वाकडच्या फ्लेक्सवाल्याकडं नीट पोचंना. मी आपला ओट्यावरनं घरात, घरातनं ओट्यावर. तुमाला सांगतो, मला लिवता-वाचता येत न्हाई, पन सात पिढ्या तोंडपाठ हायेत, म्हनून नावं सांगायचं काम माझ्याकडं. लिवायचं काम जयमालाकडं. जयमाला म्हंजी माझी सून, चाकनला कंपनीत मशिनींची ड्रॉइंगं काढती, लई हुशार, पन तिच्या त्या कम्प्युटरला एक साधी गोष्ट येईना. उचललं तसं ठेवायला काय जातंय हो?

तिनं तिच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरात एकेका नावाची चौकट केली, बापाखाली ल्योक, लेकाखाली नातू, मधी रेघा, झकास. म्हनाली, मामा, आता हे कॉपी करायचं आन फ्लेक्सवाल्याच्या फायलीत पेस्ट करायचं. केलं. आन बघतोय तर काय, चौकटी गायब, रेघा गायब, माझा आजा, मी आन माझा नातू, सगळी एका रांगेत, रेशनच्या दुकानाम्होरं उभी ऱ्हात्यात तशी. आता भावकीत असली रांग चालती व्हय? थोरलं घर धाकट्याच्या मागं गेलं तर पुढच्या जत्रंपतूर भांडान पुरतंय.

आन माझी काळजी तर निराळीच. शेजारचा भिमाजी. माझा चुलतभाऊ, भिंतीला भिंत, पन बोलनं बंद. का? तर ह्याच जयमालाच्या लग्नाच्या टायमाला... आमच्यात रीत हाय, भावकीला अक्षता द्यायला घरच्या थोरल्यानं सोता जायचं, दोन घटका टेकायचं, पानी प्यायचं. मी गडबडीत पत्रिका आन अक्षता ड्रायवरच्या हाती धाडल्या. पत्रिका पोचली, मान वाटंतच राहिला. भिमाजी लग्नाला आला न्हाई, तवापासनं बोलला न्हाई. म्हनून वाटायचं, वंशावळीत त्याची चौकट माझ्या शेजारी, बरोबरीनं यावी, त्यानं ती बघावी... बोलायलाच पायजे असं न्हाई, पन बघावी.

जयमाला म्हनाली, मामा, कॉपी केलं की एकाच गोष्टीची दोन गाठोडी होत्यात. एकात नुसती नावं. दुसरं खास त्याच सॉफ्टवेअरचं, त्यात कोन कुनाचा, रेघ कुठनं कुठं, सगळं बारीकसारीक. फ्लेक्सवाल्याच्या सॉफ्टवेअरला ते खास गाठोडं सोडताच येत न्हाई, म्हनून ते आपलं नुसत्या नावांचं उचलतंय. म्हनलं, मग तूच सोडून दे की त्याला. तर म्हनाली, तेच करते, पायथन म्हनून कम्प्युटरची भाषा हाय, तिच्यात स्क्रिप्ट लिवते. स्क्रिप्ट म्हंजी कम्प्युटरला दिलेली कामाची चिठ्ठी: हे गाठोडं सोड, आतलं वाच, समोरच्याला कळंल अशा घडीत परत बांध, आन ठेव. दुपारपतूर बसली बिचारी. एकदा रेघा आल्या, नावं न्हाईत. एकदा नावं आली, पन बाप लेकाच्या खाली. माझं ओटा-घर, घर-ओटा चालूच, अंगाला नुसती चिकचिक. शेवटाला तिनं इचारलं, "मामा, आतलं सगळंच घेऊ का?"

म्हनलं, "सगळं घे बाई. काय गाळू नको. उचललं तसं ठेव."

ठेवलं की हो तसंच. चौकटी जाग्यावर, रेघा जाग्यावर. तेवढ्यात तिला कंपनीची मीटिंग लागली, म्हनाली, मामा, घडी बरोबर बसलीय का तेवढं बघा, मी धाडते. मी बघितलं. नावांखाली मुंग्यांच्या रांगंवानी बारीक कायतरी दिसलं, वाटलं नक्षी असंल, जत्रंचा फ्लेक्स हाय, असायचीच. म्हनलं, झकास.

आता एक गोष्ट तुमाला सांगायची राहिली. नावं सांगताना माझं तोंड गप बसतंय व्हय? नाव घेतलं की त्या मानसाचं चार शब्द मागनं येनारच. आन जयमाला गुनाची, तिनं ते शब्दबी ज्याच्या-त्याच्या चौकटीच्या पोटात टिपून ठेवलेलं. भाहेरनं कुनाला दिसत न्हाई, म्हनून.

दुसऱ्या दिवशी देवळाम्होरं फ्लेक्स चढला. आभाळ तसंच, पडंना न् हटंना. सुमनताई, आमच्या भावकीचीच लेक, शाळेत बाई व्हती, ती म्होरं झाली मोठ्यानं वाचायला. "रंभाआत्या. पंगतीला बसायला पहिली, उठायला शेवटची." लोकं हसली. मला वाटलं, सुमन आपल्या मनानं जोडती. "भीमराज. देवळाला घंटा दिली, पन तिच्यावर सोताचं नाव घंटेपरास मोठं." ह्यो भीमराज आमचा दुसरा भाऊबंद, घंटेखालीच उभा. तवा मला उमगलं, हे तर माझंच शब्द, चौकटीच्या पोटातनं भाहेर आलेलं. मग सुमनताई सोताच्या चौकटीवर आली, मनातल्या मनात वाचलं, चष्मा पुसला, आन म्हनाली, म्होरचं ज्याचं त्यानं वाचावं. उचललं तसं ठेव म्हनालो व्हतो ना मी... घ्या आता.

तर भिमाजी फ्लेक्सम्होरं. चौथी शिकलेला, बोट फिरवत सावकाश वाचतोय. मी जयमालाला हळूच इचारलं, त्याच्या नावाखाली काय गं लिवलंय? तिचा चेहरा उतरलेला. कानात म्हनाली, मामा, तुमी सांगितलं तेच. "बारा वरसं बोलला न्हाई. चूक माझीच, पन जाऊन सांगायला तोंड न्हाई."

पळू कुठं सांगा? वीस फुटी फ्लेक्स, धोतराचा सोगा टाकून झाकनार व्हय? तवा अक्षता ड्रायवरच्या हाती धाडल्या, आन आता माफी फ्लेक्सवाल्याच्या हाती. सोता जायचं काय मला ह्या जल्मात जमलं न्हाई. भिमाजी वळला, गर्दीतनं वाट काढत माझ्याम्होरं येऊन उभा राहिला, टोपीपासनं वहानंपतूर मला बघितलं, आन म्हनाला,

"मारत्या, सात पिढ्या पाठ हायेत म्हनतोस, आन बारा न्हाई, तेरा वरसं झाली."